धर्म ठाऊक असलेले दुष्ट: धृतराष्ट्राच्या जागरणावरून एक प्रश्न

पिंपळपान

नमस्कार. आमच्याकडे दर शनिवारी सायंकाळी सात-आठ निवृत्त मंडळी जमतात आणि महाभारताच्या मराठी भाषांतराचे क्रमाने वाचन करतात. यंदाच्या चातुर्मासात उद्योगपर्व लागले. त्यातल्या एका रात्रीपाशी मी अडकलो तो अजून सुटलेलो नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पुराणांतील आणि इतिहासकाव्यांतील दुष्टांकडून साधकाने काय घ्यावे, हा विषय निघाला की उत्तर बहुधा ठरलेले असते. रावणाचा अहंकार, दुर्योधनाचा मत्सर, कंसाची भीती यांची उजळणी होते, हे दुर्गुण टाळावेत असे कोणीतरी म्हणतो आणि आपण प्रसादाकडे वळतो. या उत्तरात आपल्या सोयीची एक चूक दडलेली आहे, असे मला वाटू लागले आहे. या माणसांना धर्म कळत नव्हता असे आपण गृहीत धरतो. ग्रंथ मात्र तसे म्हणत नाहीत.

ती रात्र अशी आहे. संजय पांडवांकडून परत येतो, त्यांचा निरोप उद्या सभेत सांगेन म्हणतो, राजाला चार खडे बोल सुनावतो आणि घरी निघून जातो. धृतराष्ट्राला झोप येईना, म्हणून तो द्वारपालाकरवी विदुराला बोलावून घेतो. बलवानाशी गाठ पडलेला दुर्बळ, सर्वस्व गमावलेला, कामी आणि चोर यांना झोप लागत नाही, असे विदुर प्रथम सांगतो आणि मग सरळ विचारतो, की महाराज, यांपैकी कोणत्या दोषाने आपल्याला ग्रासलेले नाही ना? परक्याच्या धनाची हाव धरून तर आपण तळमळत नाही ना? या प्रश्नाला धृतराष्ट्र ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. तो म्हणतो, की तुझे धर्माला धरून असलेले, परम कल्याणाचे बोलणे ऐकण्याची माझी इच्छा आहे. म्हणजे ज्याचे उत्तर द्यायला हवे होते, त्याच्या जागी त्याने प्रवचन मागून घेतले. इथे मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

पुढे विदुर आठ अध्याय बोलतो आणि त्यालाच आपण विदुरनीती म्हणतो. ते सगळे ऐकून झाल्यावर राजा जे सांगतो, ते मूळ शब्दांतच वाचण्यासारखे आहे: ‘सा तु बुद्धिः कृताप्येवं पाण्डवान्प्रति मे सदा । दुर्योधनं समासाद्य पुनर्विपरिवर्तते ॥’ तुझे म्हणणे मला पटते, पांडवांविषयी माझी बुद्धी नेहमी तशीच होते, पण दुर्योधन भेटला की ती पुन्हा उलटी फिरते. याला जोडूनच तो म्हणतो, की दैवच खरे, पुरुषाचा प्रयत्न निरर्थक. इतकेच नव्हे, तर त्याच रात्री सनत्सुजात येतात आणि त्याला ब्रह्मविद्या सांगतात. ज्या सनत्सुजातीयावर शंकराचार्यांच्या नावाने भाष्य आहे, ते या राजाने प्रत्यक्ष ऐकले. सकाळी तो सभेत जाऊन बसला आणि पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे.

याच माणसाचे सभापर्वातील एक चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. द्यूत चालू आहे, द्रौपदी पणाला लागली आहे, वृद्धांच्या तोंडून धिक्काराचे शब्द निघत आहेत, विदुर डोके धरून खाली मान घालून बसला आहे. आंधळा राजा मात्र आनंदून पुन्हा पुन्हा विचारतो, ‘किं जितं, किं जितम्?’ जिंकले का, जिंकले का? व्यास पुढे म्हणतात, की त्याला आपला भाव लपवता आला नाही. त्याने फासे हातात घेतले नाहीत, वस्त्राला हात लावला नाही, कोणाला आज्ञाही केली नाही. त्याने फक्त निकाल विचारला.

हे इतके झोंबण्याचे कारण आता सांगतो. आमची गावाकडे थोडी शेती आहे आणि शेजारचा तुकडा चुलतभावाचा आहे. जमीन थोरले बंधू कसतात. दर पेरणीला बांध नांगराच्या एखाद्या तासाने सरकत आला आहे, हे मला पंधरा-वीस वर्षांपासून ठाऊक आहे. मी कधी नांगर धरला नाही आणि ‘कोर’ असेही म्हटले नाही. गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाने मोजणी आणली, तेव्हा मी शहरातून फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘काय निघालं? आपल्या बाजूनं ना?’ पलीकडून बंधू काय म्हणाले ते आता आठवत नाही, पण माझा स्वर मला आठवतो. त्या सुमारास माझे ज्ञानेश्वरीचे पारायण चालू होते.

तेव्हा प्रश्न असा आहे, की शास्त्रातील या मंडळींना ज्ञान नव्हते असे नसेल, तर त्यांचे नेमके कोठे अडले?

रानवाट

लेख आवडला, आणि बांधाचा प्रसंग इतक्या उघडपणे लिहिल्याबद्दल विशेष आभार. आपल्या प्रश्नाचे उत्तर दुर्योधनाने स्वतःच देऊन ठेवले आहे, असे मला वाटते. ‘जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, जानाम्यधर्मं न च मे निवृत्तिः’, म्हणजे धर्म कळतो पण वळत नाही, अधर्म कळतो पण सुटत नाही. हृदयात बसलेला कोणी देव मला जसे वागवतो तसा मी वागतो, असे तो पुढे म्हणतो. सगळ्या महाभारतात एवढे प्रांजळ वाक्य दुसरे नसेल.

जुना वाचक

रानवाट, श्लोक बरोबर दिला आहे, पण तो महाभारतातील नाही. तो पांडवगीतेत, म्हणजेच प्रपन्नगीतेत, दुर्योधनाच्या तोंडी घातलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली चिकित्सक आवृत्ती पाहिली, तर तिच्यात हा श्लोक सापडत नाही. हे केवळ पांडित्य म्हणून सांगत नाही. महाभारतातील दुर्योधन असा हताश होऊन बोलणारा माणूस नाहीच. मांडी फुटून पडलेला असतानाही तो कृष्णाला आपल्या बाजूचा हिशेब ऐकवतो: अध्ययन केले, विधिपूर्वक दाने दिली, पृथ्वीचे राज्य केले, शत्रूंच्या मस्तकावर पाय ठेवून उभा राहिलो, माझ्यापेक्षा चांगला अंत कोणाचा? आणि त्यावर आकाशातून पुष्पवृष्टी होते, हे व्यासांनी लपवलेले नाही. ‘कळते पण वळत नाही’ हे दुःख दुर्योधनाचे नव्हे. ते त्याच्या बापाचे आहे, आणि उत्तरकाळातील कोणा भक्ताने ते मुलाच्या तोंडी घातले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रश्न गीतेत अर्जुनही विचारतो. तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो, की इच्छा नसताना, कोणी बळेच जुंपावे तसा मनुष्य कोणाच्या प्रेरणेने पाप करतो? कृष्ण त्याला दैव असे उत्तर देत नाही, ‘काम एष क्रोध एष’ असे सांगतो. प्रश्न तोच असला, तरी धृतराष्ट्र त्याचा शेवट दैवावर करतो आणि अर्जुन पुढे ऐकत राहतो.

उंबरठा

पिंपळपान यांच्या मुद्द्याला भागवतातून भक्कम आधार मिळतो आणि आपल्या कीर्तनांत तो फारसा ऐकू येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आमच्या घरी आजोबांकडून भागवत सप्ताहाची परंपरा आली आहे. लहानपणी सातव्या स्कंधाच्या दुसऱ्या अध्यायापाशी आजोबा नेहमी थांबत आणि विचारत, ‘आता जे ऐकाल, ते कोण बोलतंय ते विसरू नका हं.’

वराहाने हिरण्याक्षाला मारल्यानंतरचा हा प्रसंग आहे. हिरण्यकशिपू प्रथम दानवांना आज्ञा करतो, की जिथे जिथे ब्राह्मण, गाई, वेद आणि वर्णाश्रम असतील तिथे जा आणि जाळा, तोडा. ते रक्तपाताला निघून जातात. मग हाच हिरण्यकशिपू घरात येऊन शोकाने व्याकूळ झालेली आई दिती, भावाची बायको आणि पुतणे यांच्याजवळ बसतो आणि त्यांना आत्मज्ञान सांगतो! आत्मा नित्य आहे, अव्यय आहे, शुद्ध आहे. पाणपोईवर वाटसरू जमतात आणि पांगतात तसा जिवांचा सहवास. पाणी हलले की काठावरची झाडे हलल्यासारखी वाटतात, तसे हे सगळे. एवढ्यावर न थांबता तो एक आख्यानही लावतो. उशीनर देशाचा राजा सुयज्ञ रणात पडला, राण्या प्रेताभोवती आक्रोश करत सूर्यास्तापर्यंत बसल्या, तेव्हा यम लहान मुलाचे रूप घेऊन आला आणि त्याने त्यांना कुलिंग पक्ष्यांच्या जोडप्याची गोष्ट सांगितली. मादी पारध्याच्या जाळ्यात अडकली, नर तिच्यासाठी विलाप करत बसला आणि त्याच पारध्याच्या बाणाने मेला. आख्यान इतके सुंदर उतरले आहे, की ऐकून दितीने तत्क्षणी पुत्रशोक टाकला आणि चित्त तत्त्वाच्या ठायी लावले, असे नारद सांगतात. वक्त्याचा श्रोता तरला.

वक्त्याचे काय झाले? पुढच्याच अध्यायात तो मंदर पर्वताच्या दरीत पायाच्या अंगठ्यावर उभा राहून, हात वर करून तप करतो आहे, आणि ते कशासाठी, तर आपल्याला जरा आणि मृत्यू येऊ नये म्हणून. शरीर जाणारच, त्यासाठी रडू नये, असे आईला समजावणारा माणूस तो हाच. तुकोबांनी ‘बोलाचीच कढी, बोलाचाचि भात’ म्हटले आहे, पण इथे आईचे पोट त्या कढीभाताने खरोखर भरले आणि वाढणारा उपाशी राहिला. याला ढोंग म्हणावे, तर त्याने आईला फसवले नाही. त्याचे ज्ञान खरे होते. मी स्वतः अनेकदा कोणाच्या दहाव्याला जाऊन असेच चार शब्द बोलून आलेली आहे, त्यामुळे या असुराला हसण्याचे धैर्य मला होत नाही.

अवखळ

इथे एक शंका विचारतो. भागवतातच असे सांगितले आहे ना, की हे सगळे दुष्ट शेवटी तरले? शिशुपालाच्या देहातून तेज निघाले आणि ते कृष्णात विलीन झाले. गोपी कामाने, कंस भयाने आणि शिशुपालादी राजे द्वेषाने पोचले, असे नारद युधिष्ठिराला सांगतात. मग ज्यांना आपण दुष्ट म्हणतो, त्यांचा मार्ग आपल्यापेक्षा जवळचा नव्हता का? शेवटी जय-विजयच ते, वैकुंठाचे द्वारपाल. सारे आधीच ठरलेले असेल, तर धडा कोणी आणि कशाचा घ्यायचा?

उंबरठा

अवखळ, आपली शंका अगदी युधिष्ठिराचीच आहे, आणि नारदांचे उत्तर तिच्यापेक्षा कठीण आहे. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि ती अळी भयाने व रागाने तिचेच चिंतन करता करता तिच्यासारखी होते, हा दृष्टान्त ते देतात. कंसाविषयी दशम स्कंधात म्हटले आहे, की बसता, निजता, जेवता, चालता तो हृषीकेशाचे चिंतन करत होता आणि त्याला सारे जग तन्मय दिसू लागले. आता आपण आपल्या द्वेषाकडे पाहू या. माझा शेजारणीशी झालेला वाद दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकत नाही, आणि जो टिकतो त्याच्या मध्यभागी ईश्वर नसतो, वाहन लावण्याची जागा असते. द्वेषभक्तीची सवलत घेण्याइतकी एकाग्रता आपल्यापाशी नाही.

त्याच ठिकाणी नारद आणखी एक वाक्य बोलतात, ज्याकडे लक्ष जात नाही: या पाच प्रकारांपैकी वेन राजा कशातही बसत नाही. त्याला ना प्रेम, ना भय, ना द्वेष. त्याच्या लेखी ईश्वर हा विषयच नव्हता. मला धृतराष्ट्र या वेनाच्या जवळपास कोठेतरी बसलेला दिसतो, फरक इतकाच की धृतराष्ट्राला श्रवणाची आवड आहे.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यातला, त्यामुळे अश्वत्थाम्याचा विषय काढल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचे शिखर आहे, तिथे अश्वत्थाम्याचे स्थान मानतात आणि दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास मोठी यात्रा भरते. कपाळाची जखम भळभळत असलेला अश्वत्थामा डोंगरात फिरतो आणि वाटेत भेटणाऱ्याकडे तेल मागतो, हे आम्ही पाळण्यापासून ऐकत आलो. गंमत अशी, की यात्रेला जाणारा कोणीही त्याला दुष्ट म्हणत नाही. त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली येतो, एवढेच.

सौप्तिकपर्व मी मोठेपणी वाचले आणि पिंपळपान यांच्या जागरणाच्या धाग्याला ते इतके चपखल जोडले जाते, की आश्चर्य वाटते. दुर्योधन पडला आहे. कृप, कृतवर्मा आणि अश्वत्थामा एका वडाखाली उतरले आहेत. दोघे झोपले आणि हा एकटा जागा आहे. त्या वडावर हजारो कावळे निजलेले असतात. एक घुबड आवाज न करता येते आणि झोपेतल्या कावळ्यांना मारते. ते पाहून अश्वत्थामा म्हणतो, की या पक्ष्याने मला उपदेश केला. मूळ शब्दच ‘उपदेश’ आहे. आता भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूत आठवावा, ज्याचे चोवीस गुरू एकनाथांच्या टीकाग्रंथामुळे महाराष्ट्रात घरोघर पोचले. त्यातही पक्षी आहेत, कबुतर आहे, टिटवी आहे, अजगर आहे, बाण घडवणारा लोहार आहे. अवधूतही उघड्यावरच फिरत होता आणि अश्वत्थामाही उघड्यावरच बसला होता. घुबडाकडून शिकलेल्या माणसाने गुरूच केला नाही असे म्हणता येणार नाही. मनात जे आधीच ठरले होते, त्याला मान डोलावणारा गुरू त्याला त्या रात्री झाडावर सापडला.

कृपाचार्य जागे झाल्यावर फार साधी गोष्ट सांगतात: आज रात्रभर झोप, उद्या आपण धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू. त्यावर हा म्हणतो, की आजारी, संतापलेला, अर्थचिंतेत पडलेला आणि कामी यांना कुठली झोप? विदुराने राजाला ऐकवलेल्या यादीचे हे जवळचे भावंड आहे, पण इथे रोगीच ती वैद्याला ऐकवतो आहे. पित्याच्या मारेकऱ्यांना झोपेत मारून पुढे किडा किंवा पतंग म्हणून जन्माला यावे लागले तरी चालेल, असेही तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे फळ ठाऊक आहे, हिशेब झाला आहे, आणि तरीही तो उठून शिबिराकडे चालू लागतो.

रानवाट

जुना वाचक यांची दुरुस्ती मान्य. रावणाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडेसे. मारीच त्याला सांगतो, की गोड बोलणारे नेहमी सुलभ असतात, पण कटू आणि हितकर असे सांगणारा दुर्मीळ आणि ऐकणाराही दुर्मीळ. पुढे बिभीषण त्याला तेच ऐकवतो, आणि तोच श्लोक विदुरनीतीत धृतराष्ट्राच्या वाट्यालाही आला आहे. रावणाने मारीचाला मृत्यूची धमकी दिली आणि बिभीषणाचा धिक्कार केला. धृतराष्ट्राने विदुराला ‘खरे आहे’ म्हटले. परिणामात फरक नाही. पण रावणाला निदान आपण नकार देत आहोत हे ठाऊक होते.

जाता जाता, अकोला जिल्ह्यातील सांगोळा गावात रावणाच्या मूर्तीची पूजा होते आणि त्याची विद्वत्ता व तपश्चर्या यांसाठी होते, असे तेथील लोक सांगतात. या पात्रांना सरसकट ‘दुष्ट’ म्हणताना आपण जरा जपून असावे.

तुळशीमाळ

माउली पहिल्याच अध्यायात म्हणतात, ‘तरी पुत्रस्नेहें मोहितु । धृतराष्ट्र असे पुसतु’. ‘दुष्ट’, ‘पापी’ असे एकही विशेषण तिथे नाही, मोहितु, एवढेच. आणि अठराव्याच्या शेवटी ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे आहे. व्यंकटी म्हणजे वाकडेपण. ही ओवी आपण रोज म्हणतो, पण पिंपळपान यांनी दिलेल्या श्लोकातील ‘विपरिवर्तते’ हा शब्द वाचेपर्यंत ते वाकडेपण कसे असते, हे माझ्या डोळ्यांपुढे आले नव्हते. रात्री विदुराजवळ सरळ झालेली बुद्धी सकाळी मुलासमोर वाकते. बैलगाडीचे चाक जुन्या चाकोरीत घसरते तसे.

एक विनंती मात्र आहे. धृतराष्ट्राला त्या रात्रीपाशीच सोडू नये. युद्धानंतर तो पंधरा वर्षे पांडवांकडे राहिला. भीमाचे टोमणे सोसले. शेवटी तो उघड बोलला, की कुळाच्या नाशाला मी कारण झालो. आपण चौथ्या आणि कधी आठव्या प्रहरी जेवतो, भुईवर निजतो, हे त्याने तोपर्यंत कोणाला कळू दिले नव्हते. प्रजेसमोर उभे राहून त्याने क्षमा मागितली आणि मग तो वनात गेला. हे सगळे आश्रमवासिकपर्वात आहे आणि आपल्या वाचनमंडळाला तिथे पोचायला बहुधा वर्ष लागेल.

पिंपळपान

सर्वांचे आभार. तुळशीमाळ यांनी म्हटल्याप्रमाणे मंडळाचे वाचन तिथे पोचायला वेळ लागेल, म्हणून मी एकट्यानेच पुढे जाऊन ती पाने वाचली. प्रजेसमोरचा प्रसंग दोनदा वाचला. त्याला सगळे गमावल्यावर हे सुचले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

काहींनी खाजगी निरोपात बांधाचे पुढे काय झाले असे विचारले आहे. सातबाऱ्यावर बंधूंबरोबर माझेही नाव आहे, त्यामुळे ‘मी तिथे राहत नाही’ हे कारण खरे तर कधीच पुरेसे नव्हते. मोजणीत आमच्या बाजूला सात फूट जास्त निघाले होते. गेल्या आठवड्यात बंधूंना सांगितले, की हद्दीच्या खुणेप्रमाणे बांध मागे घ्यावा असे माझे मत आहे आणि मी तसे लिहून देणार आहे. ते म्हणाले, ‘शहरात बसून धर्म सांगणं सोपं आहे.’ यावर मला काही बोलता आले नाही, कारण ते खरे आहे. नंतर चुलतभावाला फोन केला. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘दादा, तुला हे केव्हापासून माहीत होतं?’